लॉजच्या खोलीतले पार्सल आणि व्यापाऱ्याची पत

वसुलीसाठी मुंबईला जाणाऱ्या आमच्या मालेगाव-भिवंडीकडच्या व्यापाऱ्याचा दिवस कसा जातो, हे वाचकबंधूंना सांगायला नको. सकाळी मुळजी जेठा मार्केट, दुपारी मंगलदास, जोहरच्या नमाजनंतर पुन्हा आडत्याची गादी आणि तेथे ठरलेला जवाब, "उद्या या." मगरिबनंतर लॉजच्या खोलीत येऊन बूट काढले की पुन्हा जिना उतरायची ताकद राहत नाही. बॅगेत थोडीफार रोकड आणि चेक असतात. ती खोलीत टाकून जेवायला जाण्याची हिंमत होत नाही. मग फोन काढायचा आणि पार्सल मागवायचे. पूर्वी लॉजच्या पोऱ्याला पैसे देऊन भेंडीबाजारात पिटाळावे लागे, आता मोबाईलवर बोट ठेवले की काम होते. एवढाच काय तो फरक.

पण या साध्या पार्सलपायी व्यापाऱ्याची पत कशी जाते, हे आम्ही गेल्या पावसाळ्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत.

काळबादेवीच्या बाजूला एका लॉजमध्ये आमचे वीस वर्षांचे येणे-जाणे. त्या संध्याकाळी भिजत काउंटरवर पोहोचलो, तर मॅनेजरने नेहमीप्रमाणे रजिस्टर पुढे सरकवले नाही. आमच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "शेठ, तुम्हाला नाही म्हणवत नाही. पण मालकांनी सांगितलंय, मालेगावचं आधारकार्ड असेल तर खोली भरलेली आहे म्हणून सांगायचं."

कारण विचारले. महिन्यापूर्वी आमच्याच गावचे तिघे जण एका खोलीत उतरले होते. रात्री त्यांनी नल्ली निहारीचे पार्सल मागवले, पलंगावर ठेवून उघडले आणि पिशवी फुटली. रस्सा चादरीतून थेट नव्या गादीत उतरला. इथपर्यंत झाला तो अपघात. अपघात कोणाच्याही हातून होतो. पण त्या तिघांनी सकाळी चादर उलटी करून घातली, हाडे बाथरूमच्या जाळीवर टाकली आणि हिशेब चुकता करून निघून गेले. दुपारी दुसरे गिऱ्हाईक झोपायला गेले तेव्हा प्रकार उघडकीस आला.

आम्ही मॅनेजरला म्हणालो की तिघांच्या कसुराची शिक्षा सगळ्या गावाला, हा कुठला न्याय? तो शांतपणे म्हणाला, "शेठ, गादीचे पैसे मालकांनी माझ्या पगारातून कापले." यावर आम्हाला बोलण्यासारखे काही उरले नाही.

आता हेही मान्य केले पाहिजे की नुसते नाव वाचून खोली नाकारणारे लॉजवालेही आहेत. तो सरळसरळ अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण तो लढा लढायचा असेल तर निदान गादीवरचा डाग तरी आपल्या बाजूने असता कामा नये.

पहिली गोष्ट विचारण्याची. आपल्या बोलीत खाण्याच्या जागेलाही हॉटेल म्हणतात आणि राहण्याच्या जागेलाही हॉटेल. त्यामुळे अनेकांचा समज होतो की जेथे राहतो तेथे खाण्याचा हक्क आपोआप मिळतो. तसे नाही. बाहेरचे पदार्थ आत आणू द्यायचे की नाही, हे जागेचा मालक ठरवू शकतो. चित्रपटगृहांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023 रोजी हेच सांगितले. बाहेरचे खाणे आणण्यास मनाई करण्याचा हक्क मालकाला आहे, मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेल्या खाण्याला हरकत घेऊ नये, असा तो निर्णय होता. तो चित्रपटगृहांपुरता असला तरी लॉजवालेही आपला नियम याच विचाराने लावतात. काळबादेवी, भुलेश्वर या भागांत कित्येक लॉज संपूर्ण शाकाहारी आहेत. काही ठिकाणी तर मालक वरच्याच मजल्यावर देवघर मांडून राहतो. तेथे चोरून कबाब नेणे आणि पकडले गेल्यावर "आम्ही भाडे भरले आहे" म्हणून वाद घालणे, दोन्ही शोभत नाही. खोली घेतानाच, आधारकार्ड देण्यापूर्वी, एक वाक्य विचारावे: "बाहेरून पार्सल मागवले तर चालेल का? मांसाहारी चालेल का?" चालत नसेल तर दोन पावले पुढे मोहंमद अली रोडकडे दुसरा लॉज आहे. खोली ताब्यात घेतल्यावर भांडण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

चालत असेल तर पुढचा प्रश्न, पार्सल वर येणार की आपण खाली जायचे? बऱ्याच लॉजमध्ये परक्या माणसाला जिन्यावर सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पोहोचवणारा मुलगा दारात उभा, वॉचमन त्याला अडवतो, साहेब फोन उचलत नाहीत कारण साहेब आंघोळीला गेले आहेत, हे दृश्य आम्ही कितीतरी वेळा पाहिले आहे. या मुलाची कमाई फेऱ्यांवर असते. आपल्या दाराशी गेलेला वेळ त्याच्या पुढच्या फेरीतून जातो. त्यांच्यात आपल्याच मोहल्ल्यातली, मागावरचे काम सुटल्यामुळे शहरात आलेली मुलेही असतात. तेव्हा पत्ता देताना लॉजचे नाव, गल्ली आणि जवळची खूण नीट द्यावी, फोन हातात ठेवावा आणि शक्यतो स्वतः काउंटरपर्यंत उतरावे. खोलीचा नंबर ॲपवर लिहू नये, असे आमचे मत आहे. वसुलीचा पैसा जवळ असताना कोणत्या खोलीत कोण उतरला आहे, ही माहिती दहा जणांच्या हाती कशाला द्यायची? पावसात भिजत आलेल्या मुलाला दहा-वीस रुपये वेगळे द्यावेत. सुटे नाहीत ही सबब व्यापाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

हलालचा प्रश्न मुंबईत फारसा पडत नाही. भेंडीबाजार, नळबाजार जवळ असले की निर्धास्त असावे. परक्या गावी मात्र ॲपवर लिहिलेल्या एका शब्दावर विसंबू नये. आमचे एक वडीलधारे व्यापारी साधी युक्ती वापरत. मुक्कामाच्या गावी मगरिबची नमाज जवळच्या मस्जिदीत पढायची आणि बाहेर पडताना एखाद्या स्थानिक नमाजीला विचारायचे, "भाईसाहेब, इथे जेवायला कुठे जाता?" त्यातून जेवणाची जागा कळे आणि बाजाराची खबरही मिळे. एकदा त्यांना याच ओळखीतून सुताचा एक नवा व्यापारी मिळाला होता. जेथे विचारायलाही कोणी नाही, तेथे डाळ-भात, अंडी किंवा मासळी मागवून रात्र काढावी. एका रात्रीत कोणी दुबळा होत नाही.

आता मुख्य मुद्दा, खोलीत जेवण्याचा. येथेच सगळे घोटाळे होतात.

घरी आपण दस्तरखान अंथरल्याशिवाय बसत नाही. आईने लहानपणापासून तेच शिकवलेले असते. मग लॉजच्या खोलीत शिरताच हे विसरून पलंगाचे दस्तरखान का होते, हे आम्हाला आजवर कळलेले नाही. बॅगेत एक जुना रेग्झिनचा तुकडा किंवा प्लास्टिकचा छोटा दस्तरखान ठेवायला जागा लागत नाही. तो फरशीवर अंथरावा, खाली बसावे, पार्सल त्याच्या मधोमध ठेवून उघडावे. महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी असल्याने हल्ली पार्सल बहुधा कागदी पिशवीत येते. डब्याचे झाकण जरा सैल असले की रस्सा पिशवीत उतरतो आणि कागद तळातून सुटतो. म्हणून पार्सल घ्यायला जाताना हातात कापडी पिशवी आणि आत एखादा स्टीलचा डबा असलेला बरा. वर्तमानपत्र अंथरून त्यावर ताट ठेवायला हरकत नाही, पण रोटी किंवा कबाब थेट वर्तमानपत्रावर ठेवू नयेत. छपाईच्या शाईतले घातक पदार्थ अन्नात उतरतात, म्हणून वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली आहे आणि 2023 साली पुन्हा ताकीद दिली आहे.

हात पुसण्याबाबत तर बोलावे तेवढे थोडे. लॉजच्या पांढऱ्या टॉवेलला हात पुसणारे आमचे बंधू स्वतः कापडाच्या धंद्यातले असतात, हे विशेष! हळदीचा डाग काय चीज आहे, हे रंगाऱ्याला सांगायला नको. साबण लागला की तो लाल होतो, तेल मिसळलेले असेल तर धाग्यात बसतो, आणि कडक उन्हात वाळवल्यावर कुठे फिका पडतो. मुंबईच्या लॉजला कडक ऊन कोठून मिळणार? चादर गेली, टॉवेल गेला. सोलापूरचा टेरी टॉवेल भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे, आपलेच भाऊबंद तो मागावर विणतात. आणि त्याच टॉवेलला आपण रस्सा पुसतो. एक साधा रुमाल किंवा कटपीसचा तुकडा बॅगेत टाकावा. कापडवाल्याकडे कटपीसची काय कमी?

एका गोष्टीचा उल्लेख करताना आम्हाला संकोच वाटतो, पण पाहिले आहे म्हणून लिहितो. हल्ली बऱ्याच खोल्यांमध्ये चहासाठी विजेची किटली ठेवलेली असते. थंड झालेला रस्सा त्या किटलीत गरम करणारे लोक आहेत. अंडी उकडणारेही आहेत. सकाळी त्याच किटलीत दुसरा मुसाफिर पाणी उकळून चहा घेणार. तो जैन असेल, वारकरी असेल. त्याला काही न कळता त्याचे व्रत मोडावे, हा त्याच्यावर जुलूम नव्हे काय? आपल्या चहात कोणी आपल्याला वर्ज्य असलेली वस्तू मिसळली तर आपण किती बोंब मारू! इस्त्रीवर रोटी शेकणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. दुसऱ्या दिवशी ज्याचा पांढरा सदरा पिवळा होतो तो शिव्या कोणाला देतो, याचा विचार करावा.

खोलीत स्टोव्ह किंवा छोटा सिलिंडर पेटवण्याचा तर विचारही करू नये. 15 एप्रिल 1997 रोजी मिना येथे तंबूंना आग लागून 300 हून अधिक हाजी शहीद झाले. स्वयंपाकाच्या गॅसपासून ती आग भडकली होती. त्यानंतर तेथे आगीला दाद न देणारे तंबू उभे राहिले आणि गॅसवर बंदी आली. लॉजच्या खोलीत पडदे असतात, गाद्या असतात, आणि आपण व्यापारी असलो तर कापडाचे सॅम्पलही असतात.

उरलेल्या अन्नाचे काय? आपल्याकडे अन्न टाकणे गुन्हा समजतात आणि ही शिकवण चांगलीच आहे. पण तिच्या नावाखाली रात्रीची बिर्याणी खिडकीत ठेवून सकाळी खाणे ही काटकसर नाही. शिजलेले अन्न 60 अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे किंवा 5 अंशांच्या खाली थंड, असा नियम आहे. मधल्या तापमानात, विशेषतः मुंबईच्या दमट हवेत, भातात असे जंतू वाढतात की त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पन्नास रुपयांची बिर्याणी वाचवायची आणि वसुलीचा अख्खा दिवस संडासात काढायचा, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? मागवतानाच बेताने मागवावे. तिघांसाठी दोन प्लेट पुरतात, हे प्रत्येकाला दुसऱ्या घासाला कळते. जास्त झालेच तर गरम असताना, उष्टे होण्यापूर्वी, वेगळे काढून खाली वॉचमनला किंवा रस्त्यावरच्या भुकेल्याला विचारून द्यावे. विचारून हा शब्द महत्त्वाचा. घेणारा मांस खातो की नाही, हे आधी विचारल्याशिवाय डबा पुढे करू नये.

हाडे आणि कचरा स्वतः खाली न्यावा. बेसिनमध्ये रस्सा ओतू नये. चरबी थंड झाली की नळीत दगडासारखी बसते आणि आपण निघून गेल्यावर पाणी तुंबते. हाडांची पिशवी बाहेर बोळात ठेवली तर मांजर ती ओढत थेट समोरच्या दारापुढे नेते, आणि समोरच्या खोलीत कोण उतरले आहे ते आपल्याला ठाऊक नसते. झाडू मारणारी बाई शाकाहारी असू शकते. पिशवी तिच्याच हाती द्यायची असेल तर आत काय आहे ते सांगून द्यावी. खिडकी उघडून पंखा लावावा. कच्चा कांदा-लसूण खाऊन मस्जिदीत येऊ नये, ही शिकवण आपल्याला आहेच. तिच्यामागचे कारण शेजाऱ्याला त्रास होऊ नये हेच. बंद बोळातला शेजारी त्याला अपवाद कसा होईल? शिवाय त्याच फरशीवर थोड्या वेळाने आपल्यालाच मुसल्ला अंथरायचा असतो.

खोलीवर आडत्याला किंवा गिऱ्हाइकाला जेवायला बोलावण्याची पद्धत कापडबाजारात आहे. सौदा गादीवर अडतो तो जेवताना सुटतो, असा जुन्या लोकांचा अनुभव. पण आडत्या जैन असेल तर त्याला रात्री साडेआठला बोलावणे म्हणजे न बोलावण्यासारखेच. अनेक जैन बंधू सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, कांदा-लसूण-बटाटा खात नाहीत. त्याला चार वाजता बोलवावे. जेवण त्याच्या पसंतीच्या शाकाहारी ठिकाणाहून, बांधलेले, त्याच्यासमोर उघडावे, आणि त्या दिवशी आपणही तेच खावे. त्याच्या ताटात जैन थाळी आणि आपल्या ताटात टिक्का, असे करून काही उपयोग नाही. तोही संकोचतो, आपणही संकोचतो. तेवढी व्यवस्था जमत नसेल तर क्रॉफर्ड मार्केटमधून चांगली फळे आणि सुका मेवा आणावा. त्याला कोणाचीच हरकत नसते.

रमजानमध्ये प्रवास पडला तर सहरीची काळजी आदल्या रात्रीच करावी. मोहंमद अली रोडच्या आसपास रमजानात रात्रभर चूल पेटलेली असते, पण लॉजचे शटर बंद झालेले असते. पहाटे चार वाजता वॉचमनला हाका मारून अख्खा मजला जागा करणाऱ्याच्या रोजाचे सवाब किती आणि त्रास किती, हे तोच जाणे. झोपण्यापूर्वी वॉचमनला सांगून ठेवावे, नाहीतर खजूर, ब्रेड, उकडलेली अंडी आणि थर्मासमध्ये चहा रात्रीच वर आणून ठेवावा. आम्ही स्वतः गेली कित्येक वर्षे हेच करतो.

पैशाचे थोडे. बिल मागून घ्यावे, प्रवासखर्चाच्या हिशेबाला ते लागते. मात्र खाण्याच्या बिलावरील जीएसटीची वजावट कापडाच्या व्यापाऱ्याला मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. कोणी एजंट मिळते म्हणून सांगत असेल तर त्याचे ऐकू नये. लॉजच्याच स्वयंपाकघरातून मागवले आणि बिलात सेवा आकार आपोआप जोडलेला दिसला, तर तो काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी तशी सूचना काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती कायम ठेवली. तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक आहे. पण वर ताट आणून देणाऱ्या पोऱ्याच्या हातावर काही ठेवायला कायदा कोणालाच अडवत नाही.

आणि समजा इतके करूनही सांडलेच, तर? चादर लगेच ओढून काढावी, गादीवर कोरडे कापड दाबावे आणि त्याच पावली खाली जाऊन सांगावे की डाग पडला आहे, धुलाईचे जे होतील ते बिलात लावा. रात्री दहा वाजता सांगितलेल्या डागाची किंमत धुलाईइतकीच असते. लपवलेल्या डागासाठी एका गरीब मॅनेजरचा पगार गेला.

त्या संध्याकाळी मॅनेजरने मालकाला फोन करून आमची हमी घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर, जिन्याखालची एक खोली दिली. रात्री आम्ही दाल गोश्त आणि चार रोट्या मागवल्या, फरशीवर रेग्झिन अंथरून जेवलो, कचरा स्वतः खाली नेऊन पालिकेच्या डब्यात टाकला. सकाळी निघताना गादीच्या पैशांपैकी काही रक्कम मॅनेजरच्या हातात ठेवू लागलो. त्याने घेतली नाही. "तुम्ही कशाला देता," म्हणाला. मग आमच्याबरोबर वर आला, चादरीचा कोपरा उचलून पाहिला, पुन्हा नीट खोचला, आणि खाली येऊन पुढच्या महिन्याची 12 तारीख आमच्या नावावर रजिस्टरमध्ये लिहून घेतली. या वेळची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, रस्त्याच्या बाजूची.